आन्येस वार्दा: स्वतःच्या गल्लीतून केलेला सिनेमा

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

फ्रेंच न्यू वेव्हचा, म्हणजे १९५०-६० च्या सुमारास फ्रान्समध्ये आलेल्या नव्या धाटणीच्या सिनेमाच्या लाटेचा, विषय आपल्याकडे निघाला की नावं ठरलेली असतात. गोदार, त्रुफो, फार तर रेने. आन्येस वार्दाचं नाव आलंच तर ‘त्यांच्यातली एकटी बाई’ म्हणून येतं, नाहीतर म्हातारपणी दोन रंगांचे केस मिरवणारी गोड आजी म्हणून. मला दोन्ही ओळखी अपुऱ्या वाटतात. १९५४ ते २०१९ अशी पासष्ट वर्षं या बाईनं सिनेमा केला. स्वतःच्या कंपनीतून, स्वतःच्या घरातून आणि बऱ्याचदा घरासमोरच्या रस्त्यावर. पैसे नसले तर नसलेल्या पैशांतून तिनं नवी मांडणी शोधली. तिची कारकीर्द सलग लावून पाहिली की हा धागा फार ठळक दिसतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

ती सिनेमाच्या वाटेनं सिनेमात आलीच नाही. जन्म १९२८ चा, ब्रसेल्समधल्या इक्सेल भागातला. वडील ग्रीक, आई फ्रेंच. युद्धात कुटुंब दक्षिण फ्रान्समधल्या सेत या बंदराच्या गावी आलं आणि तिथे चक्क बोटीवर राहिलं. पुढे पॅरिसला कला-इतिहास आणि फोटोग्राफी शिकून ती जाँ व्हिलारच्या नाट्यसंस्थेची फोटोग्राफर झाली. गोदार-त्रुफो मंडळी पॅरिसच्या सिनेमॅटेकमध्ये (चित्रपट जपणारी आणि दाखवणारी संस्था) तासन् तास बसून घडली. वार्दानं पंचविशीपर्यंत मोजकेच चित्रपट पाहिले होते.

तरीही १९५४ मध्ये तिनं सेतच्या कोळीवाड्यात, ‘ला प्वांत कूर्त’मध्ये, त्याच नावाचा पहिला चित्रपट केला. त्यासाठी छोटी कंपनी काढली, ‘तामारिस’. कलाकार-तंत्रज्ञांनी मोबदला मागे ठेवून भागीदारीत काम केलं. सिल्व्हिया मोंफोर आणि तेव्हा सिनेमात अगदी नवखा असलेला फिलिप न्वारे हे दोघं सोडले तर पडद्यावर वस्तीतलीच माणसं आहेत. रचना तिनं फॉकनरच्या एका कादंबरीवरून घेतली, ज्यात दोन वेगळ्या कथा आलटून-पालटून येतात. एकीकडे संसार मोडायच्या बेतात असलेलं जोडपं, दुसरीकडे मासेमारीवर बंदी घालणाऱ्या आरोग्य खात्याशी झगडणारे कोळी. दोन्ही प्रवाह कुठेच एकमेकांत मिसळत नाहीत. पाहणाऱ्यानं ते आपल्या मनात जोडायचे. संकलन आलँ रेनेनं केलं. त्याला स्वतःला जे करायचं होतं त्याच्या फार जवळचं हे काम असल्यानं तो आधी कचरत होता, असं वार्दा सांगायची. चित्रपट उद्योगाच्या नियमांत हा चित्रपट बसत नव्हता, त्यामुळे नेहमीचं वितरण मिळालं नाही. पॅरिसच्या एका छोट्या थिएटरात तो लागला, आंद्रे बाझाँसारख्या समीक्षकानं पाठराखण केली, आणि तिथेच थांबलं. शाब्रोलचा पहिला चित्रपट १९५८ चा, त्रुफोचा १९५९ चा, गोदारचा १९६० चा. हे सगळं त्याच्या आधीचं आहे.

दुसरा कथापट करायला १९६१ उजाडलं. मधल्या काळात लघुपट. त्यातला ‘लोपेरा मूफ’ (१९५८) जरूर पाहा. वार्दा तेव्हा गरोदर होती, आणि पॅरिसच्या र्यू मूफतार या रस्त्यावरच्या बाजारात कॅमेरा घेऊन बसायची. म्हातारे, दारुडे, थकलेले चेहरे. ही सगळी एके काळी कुणाच्या तरी पोटात होती, हा विचार त्या सतरा-अठरा मिनिटांत एकदाही शब्दांत न सांगता आपल्यापर्यंत पोहोचतो.

मग ‘क्लेओ द सँक आ सेत’ (१९६२), म्हणजे पाच ते सात या वेळेतली क्लेओ. गोदारच्या पहिल्या चित्रपटाचा निर्माता जॉर्ज द बोरगार याला तसेच आणखी स्वस्तातले, कृष्णधवल चित्रपट हवे होते. वार्दाचा जोडीदार, दिग्दर्शक झाक दमी यानं तिचं नाव सुचवलं. तिच्या मनातला चित्रपट महागडा होता, तो बाजूला ठेवावा लागला. मग तिनं ठरवलं की पॅरिसमध्येच करायचं, एकाच दिवसाची गोष्ट, दीड तासाची, दीड तासातच सांगायची. गायिका क्लेओ डॉक्टरी तपासणीच्या निकालाची वाट पाहते आहे. कर्करोगाची भीती आहे. निम्म्या चित्रपटात सगळे तिच्याकडे पाहतात, तीही आरशात स्वतःला पाहते. मग एक गाणं म्हणता म्हणता ती कोसळते, डोक्यावरचा टोप काढून फेकते, काळा साधा पोशाख घालते आणि रस्त्यावर येते. तिथून पुढे ती पाहू लागते. शेवटी बागेत भेटणारा शिपाई अल्जीरिया या फ्रेंच वसाहतीच्या स्वातंत्र्ययुद्धावर परत निघालेला आहे. तिच्या देहातलं मरण आणि त्याच्या वाट्याचं मरण एकाच बसमध्ये शेजारी बसून हॉस्पिटलकडे जातात. १९६१ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये ते युद्ध ही किती दुखरी गोष्ट होती हे लक्षात घेतलं तर हा चित्रपट नुसता एका बाईच्या घालमेलीचा उरत नाही.

‘ल बोनर’ (१९६५), म्हणजे ‘सुख’, याबद्दल खाली भांडण होणारच, म्हणून इथे लिहीत नाही. ‘ले क्रेआत्यूर’ (१९६६) पडला. मग दमीला हॉलिवूडचं बोलावणं आलं आणि दोघं कॅलिफोर्नियाला गेली. तिथे तिनं १९६८ मध्ये ऑकलंडला ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या चळवळीच्या सभांवर माहितीपट केला. फ्रेंच टीव्हीनं तो घेतला आणि दाखवलाच नाही.

परत आल्यावर मुलगा झाला, १९७२ मध्ये. घर सोडून लांब चित्रीकरणाला जाणं अवघड. वार्दानं काय करावं? घरातल्या विजेच्या मीटरवरून तार ओढली आणि ती तार पोहोचेल तेवढ्याच अंतरात चित्रपट केला. ‘दागेरेओतिप’ (१९७६). पॅरिसच्या चौदाव्या विभागातली र्यू दागेर, तिची गल्ली. पाववाला, खाटीक, शिंपी, आणि अत्तराच्या दुकानातलं म्हातारं जोडपं. संध्याकाळ झाली की त्यातली आजी दाराशी येऊन उभी राहते, कुठेतरी जायचं असल्यासारखी, आणि परत फिरते. बाळंतपणानंतर बाईचं काम थांबतं ही तक्रार तिनं केली असती तर ती योग्यच होती. तिनं त्या अडचणीचीच चौकट केली. मला तिच्या सगळ्या कारकिर्दीची गुरुकिल्ली इथे दिसते.

१९८५ चा ‘सां त्वा नी ल्वा’ मात्र तिचा शिखर. छप्पर नाही, कायदा नाही. हिवाळ्यात द्राक्षमळ्याच्या चरात एका तरुण मुलीचं गारठून मेलेलं शरीर सापडतं. मोना. तिला ज्यांनी ज्यांनी पाहिलं ते एकेक जण तिच्याबद्दल सांगतात, आणि त्या सांगण्यातून मोनापेक्षा सांगणारेच जास्त उघडे पडतात. मोना कुणाचीही आभारी नाही, आंघोळ करत नाही, कामाला नकार देते, मदत करणाऱ्यालाही लाथाडते. वार्दा तिची कीव करत नाही आणि तिला नायिकाही करत नाही. कॅमेरा अधूनमधून तिच्या बरोबरीनं उजवीकडून डावीकडे सरकत राहतो. आपण वाचतो त्याच्या उलट दिशेनं. मग तो तिला सोडून एखाद्या नांगरावर, भिंतीवर, टायरवर जाऊन थांबतो. मोना झालेली सांद्रिन बोनेर तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. या कामासाठी तिला सेझार हा फ्रान्सचा मोठा चित्रपट-पुरस्कार मिळाला, आणि चित्रपटाला व्हेनिस महोत्सवाचा सुवर्णसिंह. फ्रान्समध्ये दहा लाखांच्या वर तिकिटं विकली गेली. पूर्ण पटकथा आधी लिहिलेलीच नव्हती.

दमीबद्दल, ‘वेचणाऱ्यां’वरच्या तिच्या माहितीपटाबद्दल आणि शेवटच्या वर्षांबद्दल प्रतिसादांत बोलू. तुम्ही काय काय पाहिलं आहे?

सिनेवारी

सुरेख धागा, कृष्णाकाठताई. बरेच दिवसांनी असं काही वाचलं.

‘ला प्वांत कूर्त’बद्दल एक भर. न्यू वेव्हची ‘सुरुवात’ या चित्रपटानं झाली, असं वार्दाच्या चाहत्यांकडून हल्ली ठासून सांगितलं जातं. पण उद्योगाच्या बाहेर राहून, स्वतःच्या हिमतीवर चित्रपट काढण्याचं काम झाँ-प्येर मेलव्हिलनं १९४९ मध्येच केलं होतं. शिवाय वार्दाचा मूळ गट वेगळा. ती, रेने आणि क्रिस मार्कर यांची ऊठबस सीन नदीच्या डाव्या तीरावरची. साहित्य, चित्रकला, राजकारण यांत मुरलेली माणसं. ‘काइये’ या सिनेमाच्या मासिकातली गोदार-त्रुफो वगैरे पोरं हॉलिवूड कोळून प्यायलेली. वार्दा आधी आली म्हणून ती मोठी ठरत नाही. ती वेगळ्या ठिकाणाहून आली, हे मला जास्त मोलाचं वाटतं. फोटोग्राफरची नजर आहे. ‘क्लेओ’मधले कॅफेतले चेहरे आठवा. कथेला त्यांची काही गरज नाही, तरी कॅमेरा प्रत्येकापाशी क्षणभर थांबतो.

आणि ‘साल्यू ले क्यूबाँ’ (१९६३) कसा राहिला? क्युबाहून हजारो फोटो आणून त्यातल्या जवळजवळ दीड हजारांचा तिनं चित्रपट केला. स्थिर फोटो नाचतात त्यात! नाचणाऱ्यांमध्ये सारा गोमेझ आहे, जी पुढे क्युबाची पहिली स्त्री-दिग्दर्शक झाली.

पहिला पाऊस

‘ल बोनर’वर भांडण होणार म्हणालात, तर मीच सुरू करते. मला तो चित्रपट सहन झाला नाही. सुतारकाम करणारा नवरा, प्रेमळ बायको, दोन गोंडस मुलं. नवऱ्याला पोस्टातली एक मुलगी आवडते. तो बायकोला सांगतो की माझं सुख वाढलंय, तुझ्या वाट्याचं कमी झालेलं नाही. बायको हसून मान्य करते, आणि थोड्याच वेळात तळ्यात बुडालेली सापडते. काही दिवसांनी पोस्टातली मुलगी त्या घरात येते, मुलांना झोपवते, आणि सगळे पुन्हा जंगलात सहलीला जातात. वर मोझार्ट! सूर्यफुलं! दिग्दर्शिका नक्की कुणाच्या बाजूनं आहे? त्या काळी एका बाईनं हे दाखवावं आणि नवऱ्याला एक ओरखडाही येऊ नये?

अक्षरवेल

पहिला पाऊस, तुमचा संताप मला अगदी बरोबर जागी आलेला वाटतो. मी संकलनाचं काम करते, म्हणून हातांकडे लक्ष वेधते. पहिल्या बायकोचे हात काम करताना आपण जवळून पाहिलेले असतात. कणीक, इस्त्री, मुलांचे कपडे, फुलांना पाणी. शेवटाकडे अशीच कामं पुन्हा येतात, तशीच जवळून, फक्त हात दुसऱ्या बाईचे. घराला काही फरक पडलेला नाही. जागा भरली गेली आहे. यापेक्षा भयंकर काय दाखवायचं? एखाद्या पात्राच्या तोंडी निषेध घातला असता तर प्रेक्षक हलका होऊन घरी गेला असता. इथे तो हलका होत नाही. तुम्ही झाला नाहीत, तशीच मीही झाले नाही.

रंगही पाहा. दृश्य संपताना पडदा काळा होत नाही. लाल होतो, निळा होतो. सुरुवातीला उन्हाळा, शेवटी शरद ऋतूतली तांबूस झाडी, आणि चौघांच्या अंगात त्या झाडीच्याच रंगाचे स्वेटर.

अजून एक. तो नवरा, बायको आणि मुलं प्रत्यक्षातही एकच कुटुंब आहेत. झाँ-क्लोद द्रुओ हा टीव्हीवरचा लोकप्रिय नट, त्याची खरी बायको आणि खरी मुलं. ते आपापसांत इतके सहज आहेत की बायको गेल्यावर मुलं दुसरीच्या मांडीवर बसतात तेव्हा पोटात गोळा येतो.

पहिला पाऊस

खरं कुटुंब आहे हे माहीत नव्हतं. अंगावर आलं. तरी मी म्हणेन की बर्लिन महोत्सवात १९६५ मध्ये ‘रौप्य अस्वल’ पुरस्कार देणाऱ्या परीक्षकांनी आणि टाळ्या वाजवणाऱ्या कितीतरी पुरुषांनी तो ‘सुंदर’ चित्रपट म्हणूनच पाहिला असेल. ही जोखीम दिग्दर्शिकेनं घेतली, आणि तिची किंमत प्रेक्षक बाईला मोजावी लागते.

कृष्णाकाठ

मान्य आहे, पहिला पाऊस. त्या जोखमीबद्दल वार्दानं कधी हात झटकले नाहीत. तिची जाहीर राजकीय भूमिका मात्र स्वच्छ होती. १९७१ मध्ये ‘मी गर्भपात केला आहे’ असं सांगणाऱ्या ३४३ स्त्रियांच्या जाहीरनाम्यावर तिची सही आहे, आणि तेव्हा फ्रान्समध्ये तो गुन्हा होता. १९७७ च्या ‘लून शांत, लोत्र पा’मध्ये तिनं दोन मैत्रिणींची त्या लढ्याच्या काळातली गोष्ट सांगितली. गाणी आहेत, आनंद आहे. ‘ल बोनर’ खुपला असेल तर तो पाहा. दोन्ही मिळून एक बाई पुरी होते.

माळरान

मी वार्दाचा एकच चित्रपट पाहिला आहे, ‘ले ग्लानर ए ला ग्लानज’ (२०००), म्हणजे वेचणारे आणि वेचणारी, आणि त्याच्याचबद्दल लिहायला आलो. पुण्यात शिकायला असताना एका मित्रानं दाखवला होता.

आमचं गाव परभणीकडचं. ज्वारीची काढणी झाली, कणसं खुडून नेली की बायका आणि पोरं सरव्याला जायची. रानात पडलेली कणसं वेचायची. भुईमूग उपटून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा उकरायच्या. ज्याचं रान त्याला विचारायचं, तो बहुधा हो म्हणायचा. काही जण नाही म्हणायचे आणि ते कोण हे गावाला पाठ असायचं. माझी आजी सरव्याच्या ज्वारीवर महिना काढायची. पुढे यंत्रं आली, रानात पडणं कमी झालं.

तर हा चित्रपट लागला आणि पडद्यावर फ्रान्समधल्या बटाट्याच्या रानात माणसं वाकून वेचताहेत. मला खरंच काही सुचेना. ठरावीक मापात न बसणारे, कापले गेलेले, वेडेवाकडे बटाटे कंपनी ट्रकनं रानात ओतून जाते आणि लोक पोती घेऊन येतात. त्यात वार्दाला पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे बटाटे सापडतात आणि ती ते घरी नेते. एक वकील अंगात झगा घालून, हातात कायद्याचं लाल पुस्तक घेऊन शेतात उभा राहून सांगतो की पीक निघाल्यावर, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, वेचण्याचा हक्क आहे. त्याला १५५४ च्या राजाज्ञेचा आधार आहे. आमच्याकडे जे नुसतं रिवाजावर चालायचं ते तिकडे कायद्यात लिहून ठेवलंय, हे पाहून मी थक्क झालो. द्राक्षमळ्यांत मात्र मालक वेचू देत नाहीत. माल वाया गेला तरी चालेल.

कृष्णाकाठताई, या चित्रपटाबद्दल तुम्ही सविस्तर लिहा.

कृष्णाकाठ

माळरान, तुमच्या प्रतिसादानंतर मी काय लिहू! फक्त काही दुवे देते.

फ्रेंच चित्रकार मिलेच्या त्या प्रसिद्ध चित्रातल्या वेचणाऱ्या बायकांपासून ती निघते आणि पोहोचते आजच्या माणसांपाशी. नोकरी आणि कुटुंब दोन्ही गेलेला आणि कारव्हॅनमध्ये राहणारा ट्रकचालक, कचरापेटीतलं खाणं हे तत्त्व म्हणून खाणारा पगारदार माणूस, मळ्यात स्वतः वेचून आणणारा नामवंत आचारी. बाजार उठल्यावर पडलेली भाजी जागेवरच खाणारा एक शिकलेला माणूस भेटतो. नंतर कळतं की तो संध्याकाळी स्थलांतरितांच्या वसतिगृहात फुकट फ्रेंच शिकवतो. तो प्रसंग ती मुद्दाम उशिरा आणते. तोवर आपण त्याच्याबद्दल मत बनवून बसलेलो असतो.

हे शक्य झालं ते हातात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यामुळे. वार्दा तेव्हा सत्तरी ओलांडलेली. एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हाताचं चित्रीकरण. सुरकुत्या, डाग. काटे नसलेलं एक घड्याळ उकिरड्यावर सापडतं, ते ती घरी आणून मांडते. एकदा कॅमेरा बंद करायचा राहून जातो आणि लेन्सचं झाकण लोंबकळत नाचतं. ते तिनं कापलं नाही, जॅझ लावून तसंच ठेवलं.

शंकेखोर

चित्रपट मीही पाहिला आहे. आवडला, पण एक प्रश्न सोडत नाही. पॅरिसमध्ये स्वतःचं घर असलेली, नावाजलेली दिग्दर्शिका कचऱ्यातून खाणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करते आणि मग म्हणते, मीही वेचणारीच, मी प्रतिमा वेचते. ही बरोबरी मला पटत नाही. माळरान यांच्या आजीला सरव्याची ज्वारी पोटासाठी हवी होती. वार्दाला बदामी बटाटा कपाटावर ठेवायला हवा होता. पुढे २००३ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तिनं त्याच बटाट्यांची कलाकृती मांडली. भुकेच्या गोष्टीचं असं शोभेच्या वस्तूत रूपांतर होऊ द्यावं का?

अक्षरवेल

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर चित्रपटाच्या बांधणीतून देते. ती त्या माणसांना ‘गरीब’ या एका खान्यात टाकत नाही. प्रत्येकाला स्वतःचं कारण आहे. भूक, राग, हौस, तत्त्व, सवय. त्यांना पुरेसा वेळ मिळतो, ते कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात, त्यांची वाक्यं पूर्ण होतात. आपल्याकडच्या किती माहितीपटांत गरीब माणसाचं वाक्य पूर्ण होतं? मधेच निवेदक त्याचा अर्थ सांगायला लागतो.

वार्दा स्वतः चित्रपटात येते ती त्या माणसांच्या बरोबरीला नाही. म्हातारपण तिचं आहे, मरणाची चाहूल तिची आहे. आपल्याकडेही काहीतरी टाकाऊ होऊ घातलंय, हे ती उघड करते. दुसऱ्याच्या शरीराकडे पाहायचं तर आधी स्वतःचं दाखवायचं, एवढी देवाणघेवाण मला प्रामाणिक वाटते.

माळरान

शंकेखोरदादा, आजीचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. आजीलाही सरव्यात सगळं पोटासाठी नको असायचं. भरदार दाण्याचं एखादं कणीस सापडलं की ती ते वेगळं काढून देव्हाऱ्याशी ठेवायची. हौस आणि भूक एकाच ओटीत असायची.

दूरदेशी

मी गेली काही वर्षं पॅरिसजवळ राहते. र्यू दागेर अजून तशीच बाजाराची गल्ली आहे. दाँफेर-रोशरो मेट्रोतून बाहेर पडलं की समोरच. फळवाले, मासेवाले, चीजची दुकानं. पुढे जाऊन वार्दाचं घर लागतं, गुलाबी-जांभळ्या रंगाचं. एके काळी तिथे दोन मोडकळीला आलेली दुकानं होती. पन्नासच्या दशकात ती तिथे राहायला आली आणि शेवटपर्यंत राहिली. कंपनीचं ऑफिस, संकलनाची खोली, सगळं त्या एकाच रस्त्यावर. मार्च २०१९ मध्ये ती गेली तेव्हा लोकांनी दारात फुलांबरोबर बटाटे आणून ठेवले होते. मोंपार्नासच्या दफनभूमीत दमीशेजारी तिची कबर आहे. तिथेही कुणी ना कुणी बटाटा ठेवून जातं.

शेजारपाजारची माणसं चित्रपटात आली आणि तरी पुढची चाळीस वर्षं ती त्यांच्यातच राहिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याचं चित्रीकरण केलं तो उद्या सकाळी पावाच्या दुकानात भेटणार आहे, ही जाणीव चित्रपटात उतरतेच.

सिनेवारी

दमीचा विषय निघालाच आहे तर ‘झाको द नाँत’ (१९९१) बद्दल लिहितो. दमी आजारी होता आणि आपल्या बालपणाच्या आठवणी लिहीत होता. वार्दा म्हणाली, यावर चित्रपट करू. नाँत शहरात, त्याच्या वडिलांच्या खऱ्याखुऱ्या गॅरेजात. बाहुल्यांचा खेळ पाहणारं, पुठ्ठ्याचे देखावे करून चित्रपट काढणारं ते पोर. मधेमधे त्या आठवणी पुढे दमीच्या कुठल्या चित्रपटात कशा उतरल्या याचे तुकडे. आणि मधेच प्रत्यक्ष दमी, समुद्रकाठी वाळूत पहुडलेला. कॅमेरा त्याच्या केसांवरून, त्वचेवरून, डोळ्यांवरून इतक्या जवळून फिरतो की श्वास अडकतो. चित्रीकरण संपलं आणि ऑक्टोबर १९९० मध्ये तो गेला.

त्याला एड्स झाला होता. त्या काळी त्याला ते सांगायचं नव्हतं, म्हणून वार्दानंही सांगितलं नाही. २००८ च्या ‘ले प्लाज दान्येस’ या आत्मचरित्रपर चित्रपटात तिनं ते सांगितलं, साध्या दोन वाक्यांत. मधली अठरा वर्षं तिनं दमीचे चित्रपट सांभाळण्यात घालवली. त्याच्या ‘शेरबूरच्या छत्र्या’ या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह विटत चालली होती. ते रंग परत मिळवून तिनं चित्रपट पुन्हा थिएटरात आणला. स्वतःची कंपनी असल्याचा हा फायदा. हक्क हातात होते म्हणून जपणूकही हातात राहिली.

तिचं सगळंच चांगलं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये केलेला ‘ले सां ए उन न्वी’ पाहवत नाही. पडद्यावर तारे-तारकांची रांग, आणि वार्दा कुठेच नाही. पैसा आणि नावं मिळाली तिथेच तिचा हात सुटला.

पहिला पाऊस

सिनेवारी, ‘झाको’बद्दल वाचून डोळे भरले. आता एक प्रश्न. मी फक्त ‘ल बोनर’ पाहिलाय आणि इथे एवढी चर्चा झाली. सुरुवात कुठून करू? आणि शेवटच्या काळातलं काय बघण्यासारखं?

कृष्णाकाठ

‘क्लेओ’पासून करा. दीड तासाचा आहे आणि पॅरिसभर हिंडवतो. मग चार-आठ दिवस जाऊ देऊन ‘सां त्वा नी ल्वा’. लगोलग दुसरं काही लावू नका, तो मुरायला वेळ लागतो. त्यात झाडांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या बाईंकडे नीट लक्ष द्या. चिनारासारखी ती प्लेन झाडं बुरशीनं मरताहेत, त्यांना वाचवायला ती धडपडते, आणि मोनाला थोडे पैसे देऊन रानात सोडून जाते. ‘दागेरेओतिप’ मात्र निवांत दुपारी बघा.

शेवटच्या काळातला ‘व्हिसाज व्हिलाज’ (२०१७). अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद वर्षांची वार्दा आणि तिशीतला छायाचित्रकार ‘झी एर’ (JR), दोघं एका गाडीतून फ्रान्सची खेडी पालथी घालतात. गाडीतच फोटो छापायची सोय. लोकांचे भले मोठे फोटो त्यांच्याच भिंतींवर चिकटवायचे. खाणकामगारांच्या वस्तीत एकटी उरलेली बाई स्वतःचा चेहरा घरावर पाहून रडते. ल हाव्र बंदरात गोदी कामगारांच्या बायका कंटेनरच्या डोंगरावर चढवल्यात. नेहमी पुरुषांचीच बाजू दिसते म्हणून. शेवटी दोघं स्वित्झर्लंडला गोदारच्या घरी जातात आणि गोदार दार उघडत नाही. काचेवर चार शब्द लिहून ठेवलेले, दमीच्या आठवणीचे. वार्दाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघवत नाही. पण तिनं तेही ठेवलं.

त्याच वर्षी तिला मानद ऑस्कर मिळालं. कान महोत्सवाचं मानद पाल्म दोर २०१५ मध्येच मिळालं होतं. २०१८ ला कानच्या पायऱ्यांवर ८२ स्त्रिया एकत्र उभ्या राहिल्या, कारण त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तोवर स्त्रियांचे ८२ च चित्रपट आले होते आणि पुरुषांचे सोळाशेच्या वर. तिथलं निवेदन वाचणाऱ्या दोघींपैकी एक वार्दा. फेब्रुवारी २०१९ मध्ये बर्लिनला ‘वार्दा पार आन्येस’ दाखवला आणि पुढच्याच महिन्यात ती गेली.

दूरदेशी

कंपनीबद्दल थोडं. ‘सिने-तामारिस’ आता तिची मुलं, रोझाली आणि मात्यू, सांभाळतात. आईवडिलांचे दोघांचेही चित्रपट तिथूनच बाहेर पडतात. ‘दागेरेओतिप’च्या वेळी अगदी लहान असलेला मात्यू म्हणजे हाच. १९८१ च्या ‘दोक्युमाँतर’मध्ये लॉस एंजेलिसच्या परक्या शहरात आईबरोबर राहणारा मुलगा त्यानंच केलाय. आईचं काम केलंय ते वार्दाच्या संकलकानं, साबिन मामूनं. अक्षरवेल, तुम्हाला तो नक्की आवडेल.

अक्षरवेल

पाहिलाय, दूरदेशीताई, आणि कामाच्या दिवसांत अनेकदा आठवतो. नवऱ्यापासून दुरावलेल्या बाईचं एकटेपण वार्दानं आपल्या संकलकाच्या चेहऱ्यावर सोपवलं. जी बाई रोज तिच्या दृश्यांना कात्री लावते तिच्याकडून.

शंकेखोर

‘दझां आप्रे’ (२००२) शोधून पाहिला. दोन वर्षांनंतर ती त्याच वेचणाऱ्यांकडे परत जाते. कुणाचं बरं चाललंय, कुणाचं नाही. प्रेक्षकांनी तिला पाठवलेली पत्रं आणि भेटवस्तूही दाखवते. बाजारातली भाजी खाणारा तो शिक्षक तिथे पुन्हा भेटतो आणि तिला तोंडावर सांगतो की चित्रपट चांगला आहे, पण तुम्ही त्यात स्वतःला दाखवलंत ते नको होतं. म्हणजे माझा आक्षेप माझ्याआधी त्यानं घेतला होता, आणि वार्दानं तो संकलनात काढून टाकला नाही. बटाट्यांच्या कलाकृतीबद्दल माझं मत तेच आहे. पण ज्याचं चित्रीकरण केलं त्याला परत जाऊन ‘कसा वाटला?’ विचारणारे आणि त्याचं नाराज उत्तर छापणारे माहितीपटकार मला फारसे माहीत नाहीत. कुणाला मराठी किंवा हिंदी माहितीपटांत असं कुठे पाहिल्याचं आठवत असेल तर इथे नावं द्या, मला पाहायचे आहेत.